हिरव्या रंगाची भरपाई

आमच्या वाडीचा सातबारा एकच आहे, पण विकास आराखड्याच्या भाग नकाशावर तिच्यात दोन खुणा दिसतात. निर्मळच्या पुढे, समुद्राच्या बाजूला असलेली ही बत्तीस गुंठ्यांची वाडी. आजोबांच्या काळात तिच्यात पानवेली होत्या, वडिलांनी राजेळी केळी लावली, आता थोरला भाऊ सोनचाफा आणि भाजी करतो. नकाशावर तिच्या एका कोपऱ्यातून नियोजित रस्त्याच्या दोन समांतर रेघा जातात. त्या रेघांत साधारण चार गुंठे सापडतात. उरलेले अठ्ठावीस गुंठे हिरव्या रंगात आहेत, म्हणजे तिथे शेती करायची, फार तर शेतघर बांधायचे.

झोन दाखला हातात आला त्या दिवशी दादाने मला एक प्रश्न विचारला. "रस्त्यात गेलेल्या चार गुंठ्यांचा मोबदला मिळणार म्हणतोस. मग या अठ्ठावीस गुंठ्यांवर कायमचं काही बांधू नको असं सांगितलंय, त्याचं काय?" मी म्हणालो, त्याचे काहीच नाही. तो म्हणाला, "असं कसं?"

हा लेख त्या 'असं कसं'चा शोध आहे. मी वकील नाही, नगररचनाकारही नाही. पंचवीस वर्षे एका कारखान्यात भांडारपाल होतो. नकाशे वाचायला शिकलो ते लोकांचे दाखले काढून देता देता, आणि कायदा वाचायला शिकलो तो दाखले मिळेनात म्हणून. तेव्हा वाचकांनी हे एका शेजाऱ्याने समजावून सांगितलेले प्रकरण म्हणून वाचावे.

आपल्याकडे या सगळ्याचा पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. या कायद्याच्या दृष्टीने जमिनीवर दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. पहिली म्हणजे आरक्षण. शाळा, मैदान, दवाखाना, रस्ता यांसाठी तुमची जमीन सार्वजनिक कामाला लागणार असे आराखडा सांगतो. दुसरी म्हणजे विभाग, ज्याला आपण झोन म्हणतो. जमीन तुमचीच राहणार, ती कोणी घेणार नाही, पण तिचा वापर अमुकच करायचा. पहिल्या प्रकारात सरकार तुमची जमीन घेते, म्हणून मोबदला आहे. दुसऱ्या प्रकारात सरकार काही घेत नाही, फक्त नियम घालते, म्हणून मोबदला नाही. आमच्या वाडीतल्या त्या दोन समांतर रेघा ही खरे तर कायद्यातलीच रेघ आहे.

आरक्षणाची बाजू आधी पाहू, कारण तिथे निदान काही हातात पडते. कलम १२६ प्रमाणे आरक्षित जमीन मिळवायचे तीन मार्ग आहेत. संमतीने रक्कम देऊन घ्यावी, किंवा रकमेऐवजी चटई क्षेत्र अथवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, द्यावा, किंवा भूसंपादन करावे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारमूल्य अधिक तितकेच दिलासा मूल्य, म्हणजे साधारण दुप्पट रक्कम द्यावी लागते. एवढा पैसा कोणत्या महापालिकेच्या तिजोरीत असतो? म्हणून टीडीआर. मुंबईत तो १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने आला. मुंबई वगळून बहुतेक महाराष्ट्राला डिसेंबर २०२० पासून जी एकत्रीकृत नियमावली लागू आहे, तिच्यात दाट वस्तीबाहेरच्या आरक्षित जमिनीसाठी क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. मालकाला विकास हक्क प्रमाणपत्र मिळते. ते तो बिल्डरला विकतो आणि बिल्डर तेवढे जादा बांधकाम दुसरीकडे करतो.

यात एक मेख आहे. जिथून हक्क निघाला तिथला रेडी रेकनरचा जमिनीचा दर आणि जिथे तो वापरायचा तिथला दर यांच्या प्रमाणात तो कमी-जास्त होतो. आमच्या चार गुंठ्यांचे उदाहरण घ्या. चार गुंठे म्हणजे सुमारे ४०५ चौरस मीटर, त्याची दुप्पट ८१०. समजा वाडीच्या जमिनीचा दर एक रुपया आणि विरारच्या इमारतीखालच्या जमिनीचा चार रुपये, तर तिथे वापरता येणारा हक्क उरतो सुमारे २०२ चौरस मीटर. हिशेब म्हणून हे योग्यच आहे, नाहीतर स्वस्त जमीन देऊन महागड्या ठिकाणी मजले चढतील. पण 'दुप्पट' हा शब्द ऐकून हरखून गेलेल्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही.

आणि महापालिकेने जमीन घेतलीच नाही तर? त्यासाठी कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, किंवा संपादनाची कारवाईही सुरू केली नाही, तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपले असे मानले जाते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २००९ मध्ये बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस. दर वेळी ती सरकारच्या बाजूने वाढली, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. 'पावले' म्हणजे काय यावर गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की नुसता पत्रव्यवहार किंवा प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, संपादनाच्या दिशेने खरी कारवाई हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्मिती डेव्हलपर्सच्या प्रकरणात तेहतीस वर्षे आरक्षणात अडकलेली जमीन त्याच न्यायालयाने मोकळी केली.

वसई-विरारचा आराखडा सिडकोने केलेला. तो २००७ साली मंजूर झाला, म्हणजे २०१७ पासून या कलमाचे दार इथल्या मालकांना उघडे आहे. किती जणांना ते माहीत आहे, हा प्रश्न वेगळा.

आरक्षणे वर्षानुवर्षे नुसती नकाशावर ठेवण्याचा दुसरा परिणाम आपण नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत पाहिला. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या सुमारे साठ एकर जागेवर एक्केचाळीस बेकायदा इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभापर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. घरे घेताना त्यांतल्या किती जणांनी भाग नकाशा पाहिला असेल? तिथे ना केंद्र झाले, ना कोणाचे घर राहिले.

आता हिरव्या बाजूकडे वळू. इथे कलम १२७ चा उपयोग नाही, कारण आरक्षणच नाही. गंमत म्हणजे आमच्या रस्त्याचे आरक्षण उद्या रद्द झाले तरी ते चार गुंठे 'लगतच्या जमिनीला जे करता येते ते' करायला मोकळे होतात. लगतची जमीन कोणती, तर आमचीच, हिरवी. म्हणजे आरक्षण उठले की मोबदलाही जातो आणि बांधकामाचा हक्कही मिळत नाही. हे दादाला समजावताना मला तीनदा कागद बदलावा लागला.

उरते कलम ४९. परवानगी नाकारल्यामुळे जमीन आहे त्या स्थितीत वाजवी लाभासाठी निकामी झाली, तर ती विकत घ्या असे मालक सरकारला सांगू शकतो. पण वाडीत चाफा फुलतो आहे, केळी येताहेत. जमीन निकामी झाली असे कोण म्हणेल? विहिरीचे पाणी मचूळ होऊन वाडी मेली तरी तो दोष आराखड्याचा नाही, असे उत्तर येईल.

झोनला भरपाई नाही हे तत्त्व आपल्या नोकरशाहीने शोधलेले नाही. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा आला. त्याच्या आधी, १९०९ साली, इंग्लंडमध्ये असा कायदा झाला होता. त्यात इमारतीभोवतीची मोकळी जागा, उंची, इमारतींची संख्या अशा बंधनांना भरपाई नाही असे तत्त्व होते आणि ते आपल्याकडच्या कायद्यातही उतरले. त्यामागचा विचार पटण्यासारखा आहे. मी माझ्या घराच्या बाजूला दहा फूट जागा सोडतो, शेजारीही सोडतो. माझे नुकसान होते, पण त्याने सोडलेल्या जागेतून मला वारा मिळतो. भार सर्वांवर, लाभ सर्वांना. तिथे भरपाई कोणी कोणाला द्यायची? १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कोळशाच्या खाणीवरून गाजलेल्या एका खटल्यात न्यायमूर्ती होम्स यांनी परस्परलाभाची ही कसोटी मांडली. त्याचबरोबर नियम फारच पुढे गेला तर तो जमीन घेतल्यासारखाच समजावा लागेल, असेही सांगितले. किती पुढे म्हणजे 'फारच', यावर तिथे शंभर वर्षे वाद चालू आहे.

इंग्लंडने १९४७ मध्ये या वादाचे मूळच उपटायचा प्रयत्न केला. जमीन मालकाची, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क देशाचा, असे ठरवले आणि गमावलेल्या हक्कासाठी तीस कोटी पौंडांचा एक निधी एकदाच बाजूला काढला. आपण तसे काही ठरवले नाही. आपल्याकडे हा हक्क नेमका कोणाचा हे कुठेच स्पष्ट लिहिलेले नाही. टीडीआर देताना सरकार तो मालकाचा असल्यासारखे वागते आणि झोन ठरवताना स्वतःचा असल्यासारखे.

पण वसईच्या हरित पट्ट्याचा इतिहास नीट आठवला तर दादाचा प्रश्न इतका सरळ राहत नाही. मुंबई महानगराच्या १९७३ च्या प्रादेशिक योजनेत आपला बराच भाग हरित होता. १९८८ मध्ये सरकारने त्यातले हजारो हेक्टर नागरीकरणाला खुले केले आणि १९९० मध्ये सिडको नियोजनासाठी आली. तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या लढ्याला आवाज दिला. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या साहित्याबद्दल भरभरून लिहिले. मला आठवत होते ते त्यांच्या सभेला सायकलींवरून गेलेले वाडीवाले. त्या सभांना माझे वडीलही होते. आमची जमीन हिरवीच ठेवा, टँकरने विहिरी उपसू नका, बावखले बुजवू नका, अशी मागणी करणारे लोक स्वतः जमीनमालक होते. आपल्याच जमिनीची किंमत कमी करा अशी मागणी करणारे मोर्चे आणखी कुठे निघाले असतील तर मला कळवा.

म्हणजे हे बंधन आमच्यावर कोणी लादले नाही, आम्हीच ते मागून घेतले. मग आता भरपाई कशाची? हा आक्षेप माझ्या मित्रांनी घेतला आणि तो खोटा नाही. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक बोचरा होता. नालासोपाऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत, पाण्याची वाट पाहत राहणाऱ्या माणसाच्या करातून बत्तीस गुंठ्यांच्या मालकाला पैसे का द्यावेत? तुमच्या जमिनीचा भाव वाढला तो लोकलगाडीमुळे, त्यात तुमचे कर्तृत्व काय?

दोन्ही आक्षेपांवर मी बरेच दिवस घालवले. उत्तर मला बावखलात सापडले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतले खोदलेले तळे. पावसाचे पाणी त्यात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राच्या इतक्या जवळ असूनही विहिरी गोड राहतात. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या. पाणी मुरायला आणि पसरायला जागा उरली नाही, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होते. पश्चिमेच्या वाड्या आणि बावखले ती जागा देतात. १९९० मध्ये पूर्वेला एवढी वस्ती नव्हती, तेव्हा भार आमचा होता आणि लाभही बराचसा आमचाच होता. आज लाभ घेणारे लाखांनी वाढले आणि भार मात्र तेवढ्याच वाड्यांवर राहिला. परस्परलाभाची ती कसोटी इथे सुटते. वडिलांनी जे मान्य केले त्याची किंमत त्यांच्या नंतर वाढत गेली. ती आता मुलगे भरत आहेत, आणि प्रत्येक वाटणीबरोबर वाडीही लहान होते आहे.

करातून पैसे देऊ नयेत, हे मात्र मलाही मान्य आहे. तसे केले तर काय होते ते अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने दाखवले. २००४ मध्ये तिथल्या मतदारांनी कायदा केला की नियमाने जमिनीचे मूल्य घटले तर भरपाई द्या, नाहीतर नियम माफ करा. द्यायला पैसे नव्हते, दावे हजारांनी आले आणि नियमच माफ होऊ लागले. तीनच वर्षांत, २००७ मध्ये, त्याच मतदारांनी तो कायदा आवळला. तसे आपल्याकडे झाले तर महिन्याभरात हरित पट्टा संपेल.

मला पटलेला मार्ग मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीचा. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या या भागावर घरबांधणीचा तसाच दबाव होता. १९८० मध्ये त्यांनी सुमारे ९३ हजार एकर शेतीक्षेत्र राखले. पाच एकरांना एक घर अशी परवानगी होती ती पंचवीस एकरांना एक घर अशी केली. मात्र आधीच्या हिशेबाने, दर पाच एकरांमागे एक, असा विकता येणारा हक्क शेतकऱ्याकडे राहू दिला. ज्या ठिकाणी दाट वस्ती चालणार होती तिथले बिल्डर हे हक्क विकत घेऊ लागले. शेतकऱ्याला पैसे मिळाले, जमीन त्याच्याकडेच राहिली आणि हक्क विकलेल्या जमिनीवर कायमच्या बंधनाची नोंद झाली. पन्नास हजारांहून अधिक एकर अशा रीतीने शेतीखाली राहिली आणि सरकारला जमीन विकत घ्यावी लागली नाही.

हे परदेशातले झाले, इथे कुठे, असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे उदाहरण आहे. पुणे महापालिकेत आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांवर, सुमारे ९७८ हेक्टरांवर, जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले आणि २०१५ मध्ये सरकारने जमिनीच्या आठ टक्के टीडीआर देण्याचे ठरवले. मालकांना ते फारच थोडे वाटले, आणि त्यात जमीनही महापालिकेला द्यायची होती. पण हिरवे राखण्यासाठी विकास हक्क देता येतो, हे महाराष्ट्र सरकारने तिथे मान्य केले आहे.

आमच्या अठ्ठावीस गुंठ्यांना तो आठ टक्क्यांचा दर लावून पाहिला. २,८३३ चौरस मीटरचे आठ टक्के म्हणजे २२७, आणि मघाचेच चारास एक प्रमाण धरले तर हातात ५७ चौरस मीटर, एक लहान फ्लॅट. रस्त्याच्या चार गुंठ्यांना २०२ आणि हिरव्या अठ्ठावीसांना ५७. तरीही जमीन आपल्याकडे ठेवून, वाडी करत राहून हे मिळणार असेल तर दादा घ्यायला तयार आहे. आठ नव्हे, वीस टक्के मागावेत असे माझे मत. हक्क विकत घेतलेल्या वाडीच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत कायमच्या बंधनाची नोंद व्हावी, म्हणजे पुढच्या आराखड्यात कोणी हळूच रंग बदलणार नाही.

या योजनेला एक अडचण आहे आणि ती कायद्याच्या पुस्तकात नाही. टीडीआर विकत घेतो तो परवानगी घेऊन बांधणारा. परवानगीशिवाय चार मजले चढवता येत असतील तर हक्क कोण विकत घेणार? ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला रमाबाई अपार्टमेंट कोसळून सतरा माणसे गेली. ती इमारतही अनधिकृतच होती. बेकायदा इमारत माणसे मारते तशी ती टीडीआरचा बाजारही मारते. आमच्या गावाजवळही दलाल फिरतात. हिरव्या पट्ट्यातला एकेक गुंठा नोटरीवर विका, आम्ही चाळ टाकतो, दंड भरायचा तेव्हा बघू, असे सांगतात. दादाला दोनदा विचारून झाले आहे. त्यांनी सांगितलेला भाव आमच्या सगळ्या कायदेशीर हिशेबांपेक्षा जास्त आहे. दादाने नाही म्हटले. त्याचा मुलगा त्या वेळी काही बोलला नाही.

दुसरी अडचण हक्क उतरवायच्या जागेची. स्टेशनलगत पूर्वेला आधीच पाणी, गटारे, रस्ते अपुरे आहेत. वाड्यांचे हक्क तिथे ओतले तर आम्ही हिरवे राहू आणि ते बुडतील. त्यामुळे पाण्याची वाहिनी आणि रुंद रस्ता आधी आहे अशीच जागा ठरवायला हवी. माँटगोमेरीतही हक्क जास्त आणि उतरवायच्या जागा कमी पडल्या की भाव घसरायचे.

२००१ ते २०२१ साठी केलेल्या आपल्या आराखड्याची मुदत उलटली आहे. नवा आराखडा प्रसिद्ध झाला की कायद्याने हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी मी दोन पानांचा अर्ज तयार केला आहे. सोबत सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि वरचा हिशेब. झोन दाखला एका कार्यालयातून मिळायला मला आठ महिने लागले, तेव्हा ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी आजच अर्ज टाकावा. भाग नकाशा पाहताना रंगांबरोबर कोपऱ्यातली खुणांची सूचीही वाचावी. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी पंधरा वर्षे जी रेघ नाला समजली ती रस्त्याची निघाली.

गेल्या रविवारी दादाला अर्ज वाचून दाखवला. त्याने टक्क्यांबद्दल काही विचारले नाही. म्हणाला, अठ्ठावीस गुंठ्यांत बावखलाचे तीन गुंठे आहेत, ते वेगळे दाखव, बुजवायला सगळ्यात सोपे तेच असते आणि हिशेबात कुणी ते धरत नाही. मी बावखलासाठी निराळी ओळ घातली आणि तिच्यासमोर दर दुप्पट लिहिला. मग त्याने सही केली.